पीडीएफवाल्या पोरांवर गुन्हे दाखल करण्याआधी : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

मराठीतल्या सर्व प्रकाशकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाकडून मला ईमेल आला. सोबत एक पानी संमतिपत्र होतं. माझ्या अनुवादित पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर फिरवणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार करायला माझी हरकत नाही, असा त्याचा मजकूर. काही प्रकाशकांनी मिळून हे ठरवलं आहे, जरब बसावी म्हणून सुरुवातीला काही ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हे दाखल होतील, असं वर लिहिलं होतं. खाली ग्रुपची यादी. त्यातला एक ग्रुप माझ्या ओळखीचा निघाला. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अभ्यासिका आहे, तिथल्या मुलामुलींचा तो ग्रुप. ॲडमिन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतो.

मी सही केलेली नाही. का केली नाही, हे त्या एका प्रकाशकाला फोनवर सांगून भागलं असतं. पण निर्णय त्यांच्या एकट्याचा नाही. शिवाय ज्यांच्यावर तो शेकणार आहे त्या मुलांना आपल्या फोनाफोनीत काय बोललं गेलं ते कधीच कळणार नाही. म्हणून हे जाहीर लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. माझ्या शेवटच्या पुस्तकाची किंमत ३५० रुपये आणि माझं मानधन सात टक्के. म्हणजे एका प्रतीमागे मला साडेचोवीस रुपये मिळतात. आवृत्ती ५०० प्रतींची. ती शेवटच्या प्रतीपर्यंत विकली गेली तर १२,२५० रुपये. एका पुस्तकामागे माझं वर्ष तरी जातं. तेव्हा पीडीएफने काही बिघडत नाही, उलट पुस्तकाची प्रसिद्धीच होते, असलं मी काही म्हणणार नाही. बिघडतं. कुणीतरी पुस्तक उभं-आडवं स्कॅन करून फुकट वाटतं, तेव्हा ज्या थोड्या वाचकांवर माझी पुढची आवृत्ती अवलंबून असते त्यातले काही जण कमी होतात. हे मला तुमच्याइतकंच टोचतं. तुमचे ४० टक्के विक्रेत्याला जातात, कागद, छपाई, बांधणी, गोदामाचं भाडं तुमच्याच माथी, याचीही मला कल्पना आहे.

तरीही सही नाही, आणि त्याचं पहिलं कारण कायद्यातच आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असा निकाल दिला. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात आणि जामीन हा आरोपीचा हक्क राहत नाही. आता हे त्या ॲडमिनला लावून बघा. भरतीत निवड झाली की चारित्र्य पडताळणी असते. तिथे 'गुन्हा दाखल आहे' एवढी नोंद आली तरी पोराच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरू शकतं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याची वयोमर्यादा उलटून जाईल. साडेचोवीस रुपयांसाठी मी कुणाच्या पोराचं हे करणार नाही, आणि माझ्या नावाने तुम्हालाही करू देणार नाही.

त्याच कलमाला एक परंतुक आहे. उल्लंघन धंद्यातल्या नफ्यासाठी केलेलं नसेल, तर कारणं नोंदवून न्यायालय किमान शिक्षेपेक्षाही कमी शिक्षा देऊ शकतं. कायदा लिहिणाऱ्यांना विकणारा आणि वाटणारा यांतला फरक कळत होता. तुमच्या यादीत तो दिसत नाही. टेलिग्रामवर शंभर रुपये घेऊन शेकडो पुस्तकांच्या ड्राइव्हची लिंक देणारे चॅनेल आहेत, फूटपाथवर गठ्ठ्याने नकली प्रती विकणारे आहेत, त्या छापून देणारे प्रेसवाले आहेत. यादीत यांच्यापैकी एकही नाही. त्यांना शोधायला मार्ग नाही असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका क्लासच्या शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला तिचं साहित्य चोरून विकणाऱ्या चॅनेलचालकांची माहिती उघड करायला लावली होती. तो रस्ता खर्चाचा आणि वेळखाऊ आहे. अभ्यासिकेतला मुलगा स्वस्तात सापडतो, त्याचा नंबर ग्रुपवरच असतो.

दुसरं म्हणजे ईमेलसोबत एक चित्र होतं. ग्रुपवर फिरवण्यासाठी केलेलं, लाल अक्षरांत : 'पीडीएफ डाउनलोड करणे, वाचणे, पाठवणे हा गुन्हा आहे.' हे कुणी लिहून दिलं? २०१६ साली चित्रपटांच्या साइट बंद करताना असाच सरसकट इशारा इंटरनेट कंपन्या दाखवत होत्या. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो दुरुस्त करायला लावला. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण करणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. मुलांना कायदा शिकवायचा असेल तर तो आधी नीट वाचून शिकवू या. खोटी भीती घातली की खरी भीतीही राहत नाही.

आता मुलांबद्दल. मी त्या अभ्यासिकेत गेले होते. वाचनाविषयी बोलायला बोलावलं होतं. भाषण संपल्यावर एक मुलगी पुढे आली आणि मोठ्या आनंदाने म्हणाली, "मॅडम, तुमचं पुस्तक वाचलंय मी. पीडीएफ एकदम क्लिअर होती." तिच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणा शोधला तरी सापडला नसता. मग मी खुर्ची ओढून बसले आणि विचारत गेले. तिथे जे ऐकलं ते तुमच्यापर्यंत पोचवणं मला गरजेचं वाटतं, कारण तुमच्या पत्रात या मुलांचं वर्णन 'फुकट्यांची पिढी' असं आहे.

एक तर पीडीएफ ही चोरीची वस्तू असते, हे त्यांच्या अनुभवातच नाही. पहिली ते बारावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, एनसीईआरटीचीही येतात. ती रीतसर आहेत, सरकारनेच ठेवलेली. विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं तशीच मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षकांनी दिसेल ते स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, घरोघरी वर्तमानपत्रांच्या पीडीएफ सकाळी सकाळी येऊन पडायच्या आणि आजोबाच त्या पुढे पाठवायचे. मुलांच्या फोनमध्ये बालभारतीचं पुस्तक, सरांच्या नोट्स, लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि माझा अनुवाद एकाच फोल्डरमध्ये, एकाच चिन्हाखाली पडलेले असतात. त्यातलं चौथं वेगळं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? पुस्तकाच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात 'सर्व हक्क राखीव' असतं, पण स्कॅन करणारा नेमकं ते पान गाळतो.

त्याहून खोल कारण म्हणजे ग्रुपचा रिवाज. स्पर्धा परीक्षेच्या जगात ज्याच्याकडे नोट्स आहेत आणि जो देत नाही, तो कद्रू. जो रात्री अकराला 'कुणाकडे अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का' या प्रश्नाला पाच मिनिटांत फाइल टाकतो, तो भारी. खेड्यातून आलेल्या, मेसचे पैसे महिनाअखेर उधार ठेवणाऱ्या मुलांनी एकमेकांना धरून राहण्याची ही रीत आहे. तिच्यात माझं पुस्तक सापडलं म्हणून ती रीतच वाईट, असं मला म्हणवत नाही.

आणि एक गोष्ट तर मला अनपेक्षित होती. तिथला एक मुलगा कविता म्हणून त्याचे रील टाकतो. त्याचा एक रील दुसऱ्याने नाव खोडून स्वतःच्या खात्यावर टाकला, तर अख्ख्या अभ्यासिकेने बसून त्या खात्याविरुद्ध रिपोर्ट केला होता. सगळे अजून तावातावाने सांगत होते. 'क्रेडिट द्यायला काय जातं?' हे वाक्य मी त्या दुपारी पुन्हा पुन्हा ऐकलं. कॉपीराइट स्ट्राइक म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. यूट्यूबवर गाणं वापरलं की काय होतं, हे त्यांतल्या दोघांनी भोगलंही आहे. म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला मारू नये ही जाणीव या पोरांत आहे, फक्त ती नावापाशी थांबते, किमतीपर्यंत येत नाही. ग्रुपवर माझी पीडीएफ टाकताना खाली त्यांनी मूळ लेखिकेचं नाव टाइप केलं होतं, आणि त्याखाली 'अनुवाद' म्हणून माझं.

आता तुमच्याकडचं पुस्तक काढून बघा. मुखपृष्ठावर माझं नाव नाही. आत तिसऱ्या पानावर आहे, आणि तुमच्या विक्रीच्या यादीत तर तिथलंही गळलं आहे. मुलांना नावाची चाड आहे आणि दामाची नाही. तुमचं नेमकं उलट. या दोघांच्या मध्ये मी उभी आहे, आणि तुम्ही मला एकाविरुद्ध सही मागता.

मुलांचं सगळंच मी मान्य केलं नाही, हेही नोंदवते, नाहीतर ही बाई पोरांना डोक्यावर बसवते असं व्हायचं. 'परवडत नाही' हे काहींच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. पण सगळ्यांच्या नाही. मित्राच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला वर्गणी निघते, पुस्तकाला निघत नाही. हे मी त्यांना तोंडावर म्हणाले आणि ते हसले, म्हणजे त्यांना पटलं. 'लेखकाला कुठे मिळतात, सगळे पैसे प्रकाशकच खातो' हे दुसरं ठेवणीतलं उत्तर. ते त्यांना आयतं आपल्याच लोकांनी दिलं आहे. साहित्य संमेलनाच्या प्रत्येक मांडवात लेखक हेच गाऱ्हाणं गातात, मुलं ऐकतात आणि सोयीचा अर्थ काढतात. तिसरं, 'एका पीडीएफने काय होतंय?' यावर मी साडेचोवीस रुपयांचा हिशेब सांगितला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एकाने तोंडी गुणाकार केला : ग्रुपमध्ये तीनशे जण, म्हणजे सात हजार तीनशे पन्नास. आणि लगेच दुसरा म्हणाला, "मॅडम, जीपे नंबर द्या ना, टाकतो आम्ही."

तो चेष्टा करत नव्हता. मी नाही म्हटलं, कारण त्या पुस्तकामागे तुमचेही पैसे अडकले होते, आणि मूळ लेखिकेचा वाटाही होताच. पुस्तक विकत घ्या, असं मी म्हणाले. "कुठे?" असं त्या पहिल्या मुलीने विचारलं. तिने आधी शोधलं होतं. सोलापुरात दोन दुकानांत, मग पुण्याला अप्पा बळवंत चौकात मैत्रिणीला पाठवून. आवृत्ती संपलेली आहे. तुम्ही मला कळवलेलं नाही, मला ते एका वाचक मुलीकडून कळलं.

आता माझ्या तक्रारी सरळ मांडते.

पुस्तकं मिळत नाहीत. ही सगळ्यात मोठी तक्रार, बाकीच्या हिच्या पोटातल्या. आवृत्ती संपली की 'पुन्हा छापण्याइतकी मागणी नाही' म्हणून पुस्तक वर्षानुवर्षं पडून राहतं. मागणी मोजता कशी? तुम्ही मागणी दुकानदाराच्या ऑर्डरीवरून मोजता, आणि दुकानदार नसलेल्या पुस्तकाची ऑर्डर घेत नाही. त्या पीडीएफ ग्रुपची सदस्यसंख्या ही तुमच्या पुस्तकाच्या मागणीची फुकटात मिळालेली पाहणी आहे, तीच तुम्ही पोलिसांकडे देता आहात. शंभर, पन्नास, अगदी वीस प्रतीही आता डिजिटल छपाईवर काढता येतात. तुमच्यातले काही जण काढतातही. मग बाकीच्यांचं काय अडलंय?

ई-पुस्तक हा याचाच दुसरा भाग. किंडलवर मराठी २०१६ च्या डिसेंबरात आलं. त्याच्या आधीपासून बुकगंगासारख्या ठिकाणी मराठी ई-पुस्तकं विकत मिळतात. तरीही नवं पुस्तक ई-रूपात यायला वर्ष लागतं, किंवा ते येतच नाही, आणि आलं तर किंमत कागदी पुस्तकाच्या जवळपास. 'ई-बुक काढलं की पायरसी होते' हे कारण मी तुमच्याकडून अनेकदा ऐकलं आहे. माझ्या त्या पुस्तकाचं ई-बुक कधी निघालंच नाही. पायरसी झालीच ना? छापील प्रत आणि चांगला कॅमेरा असलेला फोन, एवढं पुरतं. घरात शिरायला दार नाही म्हणून लोक खिडकीतून येतात, आणि तुम्ही खिडक्यांना गज लावत बसला आहात.

मला अडचणी माहीत आहेत. जुनी पुस्तकं युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या फोनला न कळणाऱ्या, फॉन्टमध्ये बसवलेली आहेत, ती बदलताना जोडाक्षरं फुटतात, प्रूफ पुन्हा वाचावं लागतं. कामाचं आहे खरं. पण ते केलं नाही म्हणून पुस्तकाचं फक्त छायाचित्र उरतं, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही. त्यांच्यासाठी सुलभ स्वरूपात प्रत करायला कायद्याने २०१२ पासून मुभा दिली आहे, आणि त्याच कामासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत पहिला देश होता. मूळ मजकूर मागायला गेलं तर फाइल संगणकावर पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याकडे असते आणि डीटीपीवाल्याने संगणक बदललेला असतो. (जाता जाता : आपल्या धंद्यात पानं जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या आणि फॉन्टच्या कॉपी कुठून आल्या, हे विचारायची पद्धत कधी नव्हती. ती आज पडली तर पहिली तक्रार कुणावर होईल, याचा विचार करून मग लाल अक्षरांतले इशारे फिरवावेत.)

कराची एक बाब मात्र तुमच्या बाजूची आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८ पासून ५ टक्के आहे. हे चूक आहे. या अन्यायाविरुद्ध पत्र काढा, त्यावर मी सही करते, आणि त्या अभ्यासिकेतल्या मुलांच्याही आणते.

नसलेले हक्क सांगणं ही आणखी एक तक्रार. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. आधी ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाचे हक्क संपायला आले तेव्हा, १९९२ मध्ये, दहा वर्षं वाढवली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं आहे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांची कविता २०१७ पासून मोकळी आहे. तरी अशा लेखकांच्या नव्या आवृत्त्यांवरही सरसकट 'या पुस्तकातील कोणताही मजकूर' वगैरे छापलेलं मी पाहते. नव्या प्रस्तावनेवर, चित्रांवर तुमचा हक्क असेल, मूळ मजकुरावर नाही. मराठीतलं काय मोकळं झालं आहे याची एक साधी यादी तुम्ही लावली असती तर मुलांना कायदेशीर फुकटाचा रस्ता दिसला असता, आणि बाकीच्यांच्या हक्कांचं वजन कळलं असतं.

हिशेबाबद्दल लांबवत नाही. मानधनाचं पत्रक वेळेवर येत नाही, किती प्रती छापल्या, किती उरल्या हे विचारलं की तुम्हाला अविश्वास वाटतो. माझ्या नावाने फौजदारी करायची तर निदान माझ्या नावाचं खातं तरी स्वच्छ असावं.

ग्रंथालयांचं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगाव वाचनालयं आहेत, अनुदान तुटपुंजं का असेना पण आहे. त्या वाचनालयाने एक ई-पुस्तक विकत घेऊन आळीपाळीने सभासदांना द्यायचं म्हटलं तर तुमच्याकडे तसा परवानाच नाही. जपणुकीसाठी डिजिटल प्रत करायची मुभा कायदा ग्रंथालयाला देतो, ती फिरवायची देत नाही. ती फक्त तुम्ही देऊ शकता. तालुक्याच्या वाचनालयाने वर्षाला ठराविक रक्कम भरावी आणि त्याच्या कार्डावर मुलांनी फोनवर वाचावं, यात तुमचं काय जाईल? आज त्या ग्रुपकडून तुम्हाला शून्य रुपये मिळतात.

तुम्हाला वाटेल, पायरसीविरुद्ध न लढणारी ही पहिलीच लेखिका. नाही. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला होता. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांचे भाग एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देतो म्हणून. तेव्हा अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना खटला मागे घ्यायची विनंती केली. ज्यांच्या लेखनाच्या प्रती काढल्या होत्या, त्यांतल्याच अनेक अभ्यासकांनी प्रकाशकांविरुद्ध सह्या केल्या. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या त्या प्रती कायद्यात बसतात असा निकाल दिला आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडला. ते प्रकरण वर्गात शिकवण्याचं होतं, माझ्या पुस्तकाचं तसं नाही, ते मला समजतं. कथासंग्रह अख्खा फिरवणं हा अभ्यास नव्हे. पण लेखकाचं नाव पुढे करून विद्यार्थ्यावर खटला भरला की लेखक कुठल्या बाजूला उभे राहतात, हे एकदा दिसलेलं आहे.

माझ्या मागण्या अशा.

यादीतले विद्यार्थ्यांचे ग्रुप वगळा आणि ते वगळल्याचं लेखी कळवा. पैसे घेऊन विकणारे चॅनेल आणि नकली प्रती छापणारे यांच्याविरुद्ध दिवाणी, फौजदारी काय करायचं ते करा; त्या संमतिपत्रावर मी त्याच दिवशी सही करेन. विद्यार्थ्यांच्या ग्रुपला पोलिसांची नोटीस नको, तुमचं पत्र जाऊ द्या : हे पुस्तक अमुक ठिकाणी अमुक किमतीला मिळतं, कृपया फाइल काढून टाका. ती मुलं काढतील. मी विचारून घेतलं आहे.

आवृत्ती संपल्यापासून सहा महिन्यांत पुस्तक कागदावर किंवा ई-रूपात पुन्हा उपलब्ध करा, नाहीतर हक्क लेखकाला आणि अनुवादकाला परत द्या. नव्या पुस्तकाचं ई-बुक छापील पुस्तकाबरोबरच काढा, निम्म्याहून कमी किमतीत, युनिकोडमध्ये. वाचनालयांसाठी परवाना ठरवा. सगळ्यांनी मिळून एकच ठरवलात तर उत्तम, कारण वीस प्रकाशकांशी वीस करार करणं तालुक्याच्या ग्रंथपालाच्या आवाक्यातलं नाही. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापा. हिशेब दरवर्षी, न मागता द्या. ती लाल अक्षरांची जाहिरात मागे घ्या.

आणि एक माहितीसाठी. कलम १९ प्रमाणे, करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क दिल्यापासून पाच वर्षांनी तो करार संपतो. माझ्या दोन जुन्या अनुवादांच्या करारांत मुदत नाही, दोन्हींना पाच वर्षं उलटून गेली आहेत, आणि दोन्ही पुस्तकं बाजारात मिळत नाहीत. मूळ लेखिकेची लेखी परवानगी मी घेतली आहे. येत्या पाडव्याला ही दोन्ही पुस्तकं मी स्वतः ई-पुस्तक म्हणून काढते आहे, किंमत प्रत्येकी साठ रुपये. मजकुराची मूळ फाइल तुमच्याकडे असेल तर पाठवा, नसेल तर अभ्यासिकेतल्या दोघीजणी टाइप करून द्यायला तयार आहेत, त्यांना मी पानामागे पैसे देणार आहे. काही हरकत असेल तर ती कराराची प्रत जोडून, पाडव्याच्या आत, लेखी कळवावी.

कळावे,
आपली,
कन्नड-मराठी अनुवादिका, सोलापूर